मजुरी मोजून घेताना

जबलपूरच्या विजय नगर भागात सायंकाळी फेरफटका मारणाऱ्यास दुकाने, दवाखाने, उपाहारगृहे आणि नव्या इमारतींची फाटके यांच्यापाशी काम करणारी पुष्कळ माणसे दिसतात. कोणी गणवेश घालून पहाऱ्यावर उभा असतो, कोणी कापडाचे गठ्ठे उलगडीत असतो, कोणी रुग्णाची खुर्ची ढकलीत नेत असतो. या माणसांस महिन्याकाठी किती मिळते, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मिळणारी रक्कम ही मालक आणि नोकर यांच्यातील खाजगी बाब मानली जाते. परंतु निदान किती मिळाले पाहिजे, हे मुळीच खाजगी नाही. तो आकडा राज्य शासन जाहीर करते, आणि मध्य प्रदेशात महागाईच्या मानाने त्यात एप्रिल व ऑक्टोबर अशी वर्षातून दोन वेळा दुरुस्ती होत असते. जाहीर आकडा आणि हाती पडणारा आकडा यांत जेथे अंतर आहे तेथे काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

आरंभीच एक शब्दांची बाब सांगून टाकतो. भाषांतराचे काम करणाऱ्याचे लक्ष प्रथम तिकडेच जाते. ज्याला आपण मराठीत ‘किमान वेतन’ म्हणतो, त्याला जबलपूरच्या सरकारी कागदांत ‘न्यूनतम वेतन’ म्हणतात. आपले ‘कामगार आयुक्त’ तेथे ‘श्रमायुक्त’ होतात आणि त्यांचे मुख्य कार्यालय भोपाळला नसून इंदूरला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी ज्यांना भेटावयाचे ते ‘श्रम पदाधिकारी’. नागपूर, अमरावतीकडून जबलपुरास नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांना हे शब्द ठाऊक असलेले बरे, कारण योग्य पाटी शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि रोजावर काम करणाऱ्याचा अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी होय.

किमान वेतन ही कल्पना या प्रदेशास नवी नाही. विजय नगर वसण्यापूर्वीपासून जबलपुरात एक धंदा गल्लोगल्ली चालत आला आहे, तो बिडीचा. भोवतालच्या जंगलात तेंदूचे पान विपुल. तीच स्थिती गोंदिया-भंडाऱ्याकडची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी जबलपूर आणि विदर्भ हे एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. तेव्हा बिडीचा व्यापार, तिचे कंत्राटदार आणि तिच्या मजुरीचे तंटे हे दोन्हीकडे एकाच वळणाचे असल्यास नवल नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळापुढे मांडले. त्याचा कायदा झाला तो १९४८ साली. ज्या धंद्यांत मजूर विखुरलेले, संघटना दुबळी आणि घासाघीस करण्याची शक्ती जवळजवळ शून्य, अशा धंद्यांची एक अनुसूची कायद्यास जोडलेली होती. तंबाखूच्या कारखान्यांबरोबर बिडी वळण्याचा उल्लेख त्या अनुसूचीत आरंभापासूनच होता.

आता बिडीचा हिशेब कसा चालतो ते पाहावे, कारण आपल्या विषयाचे मर्म तेथेच आहे. मालक सट्टेदारास, म्हणजे मधल्या कंत्राटदारास, पाने व तंबाखू देतो. सट्टेदार ती घरोघरी वाटतो. घरातील बाई पाने भिजविते, कातरते, तंबाखू भरून वळते, दोरा बांधते आणि जुड्या परत करते. मजुरी ठरते ती हजार बिड्यांमागे. दर सरकारने ठरविला, तो सट्टेदारास व मालकास मान्यही झाला. मग कमी देण्यास जागा उरली कोठे? ती उरली मोजणीत. जुडी उलगडून मालकाचा माणूस म्हणतो, ‘या बिड्या बारीक, या सैल, या फुटक्या.’ बाजूला काढलेल्या या मालास ‘छाट’ म्हणतात. छाटीचे पैसे नाहीत. दर पुरता, पण हजारांतील शंभर बिड्या छाट निघाल्या की मजुरी नऊशेंची. कागदावर कायदा पाळलेला आणि घरी मात्र पीठ कमी आलेले, असा हा प्रकार होता.

विदर्भ मुंबई राज्यात आल्यानंतर त्या सरकारने ११ जून १९५८ रोजी बिडीधंद्यासाठी अधिसूचना काढली. तीत दर तर होतेच, पण छाट किती काढावी, तिच्याबद्दल काय द्यावे आणि वाद झाल्यास तो कोणी तोडावा, याचीही कलमे घातली होती. अधिसूचना लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने मोजणीची जागा बरोबर हेरली होती असे म्हणावे लागेल. गोंदियाच्या बिडी, बिडीपान व तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघाने तिला आव्हान दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १५ नोव्हेंबर १९६१ रोजी न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या निकालाने छाटीची ती कलमे रद्द झाली. किमान वेतनाच्या कायद्याखाली सरकारला वेतनाचा दर ठरविता येतो. मालक व कामगार यांच्या करारातील इतर अटी त्या अधिकारात बदलता येत नाहीत, असा त्याचा आशय होता. कायद्याच्या शब्दांस धरून पाहिले तर निकाल समजण्यासारखा आहे. परंतु दर एकाच्या हाती आणि मोजणी दुसऱ्याच्या हाती राहिली, तर त्या दराचे मोल किती उरते, हे कोणत्याही बिडीवालीस विचारावे.

संसदेने १९६६ साली बिडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला तेव्हा ही उणीव भरून काढली. घरी बसून वळणारी बाईही कामगार ठरली, कंत्राटदाराच्या पाठीमागचा मुख्य मालक जबाबदार धरला गेला आणि छाटीचे तंटे तोडण्याची सोय ३९ व्या कलमात झाली. पुढे काही राज्यांच्या नियमांत शेकडा ५ हून अधिक माल साधारणतः नाकारू नये असे बंधन आले. मालकांनी याही कायद्यास आव्हान दिले, परंतु १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

ही जुनी हकीकत इतकी विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, कमी वेतन देणारा मालक ‘मी कायदा मानीत नाही’ असे सहसा म्हणत नाही. तो कुठे ना कुठे छाट काढतो. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत बांधकामे चालू होती तेव्हा मजुराचा किमान रोज ९ रुपये २५ पैसे होता. मजुरी जमादारांमार्फत वाटली जाई आणि जमादार माणशी रोज एक रुपया दलाली म्हणून ठेवून घेत. मजुराच्या हाती पडत ८ रुपये २५ पैसे. हा रुपया सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. १८ सप्टेंबर १९८२ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी म्हटले की, किमान वेतनाहून कमी पैशांत माणसाकडून काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली सक्तीची मजुरी होय. सक्ती केवळ काठीनेच होते असे नव्हे. भुकेनेही होते, हा त्या निकालाचा गाभा आहे.

आज विजय नगरात असो वा अन्य कोणत्याही शहरात, छाटीची रूपे बदललेली आढळतील. पुरता पगार बँकेत जमा होतो आणि त्याच संध्याकाळी त्यातील काही रक्कम रोखीने परत मागितली जाते. पहारेकऱ्याकडून बारा तास काम घेऊन आठ तासांचे वेतन लावले जाते. गणवेश, जेवण, फुटलेली बशी, उशिरा आलेला अर्धा तास, या सर्वांची वजावट होते. हजेरीपटावर पूर्ण रकमेपुढे सही घेतली जाते. ‘तू अजून शिकाऊ आहेस’ हे वाक्य तीन तीन वर्षे ऐकविले जाते. वाचकांपैकी कित्येकांनी आपल्या घरच्या मुलाकडून किंवा सुनेकडून यांपैकी एखादी गोष्ट ऐकली असेल आणि ‘नोकरी तरी आहे ना’ असे म्हणून विषय मिटविला असेल.

यास्तव तक्रारीचा पहिला कागद सरकारी कार्यालयात नव्हे, तर घरातच तयार व्हावयास पाहिजे. एक साधी वही घ्यावी. तीत रोजची तारीख, कामास लागल्याची व सुटल्याची वेळ, सुटीचा दिवस, हाती पडलेली रक्कम, कोणी दिली आणि काय कापले, एवढेच लिहावे. बँकेतून काढून परत दिलेले पैसे त्याच दिवशी नोंदवावेत. पासबुकातील तारीख त्या नोंदीशी जुळते आणि हीच जुळणी पुढे बोलते. कामाच्या ठिकाणचे ओळखपत्र, हजेरीचे भ्रमणध्वनीवरील संदेश, पाळ्यांचा तक्ता यांची छायाचित्रे जपून ठेवावीत. काम करणारा थकून येतो व लिहिण्याचा कंटाळा करतो; तेव्हा हे काम घरातील शाळकरी मुलामुलींनी अंगावर घेण्यास हरकत नाही. आईच्या किंवा बापाच्या मजुरीचा हिशेब लिहिणे हे पाढ्यांइतकेच उपयोगी गणित आहे.

दुसरे काम दर शोधण्याचे. येथे सावधपणा हवा, कारण दर एकच नसतो. अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि उच्च कुशल असे वर्ग असतात. शिवाय काम कोणाचे, यावर दर केंद्राचा की राज्याचा हे ठरते. विजय नगरातील दुकान किंवा खाजगी रुग्णालय राज्याच्या दराखाली येते. परंतु जबलपूर हे रेल्वेचे व संरक्षण कारखान्यांचे शहर आहे. पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय तेथे आहे, तोफगाड्यांचा आणि वाहनांचा कारखाना आहे. अशा ठिकाणी कंत्राटदाराकडे झाडलोटीस असलेल्या माणसास केंद्राचा दर लागू असतो व त्याने केंद्राच्या प्रादेशिक श्रमायुक्तांचे दार ठोठावावयाचे असते. मध्य प्रदेशात २०१४ नंतर मूळ दरांची मोठी वाढ एप्रिल २०२४ मध्ये झाली. तिला उद्योजकांनी आव्हान दिले, उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने ती मे महिन्यात थांबविली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती स्थगिती उठली. या घालमेलीमुळे कोणत्या महिन्यास कोणता दर, याचा घोटाळा पुष्कळांच्या मनात झाला. तेव्हा ऐकीव आकड्यावर विसंबू नये. त्या त्या सहामाहीचा छापील तक्ताच मिळवावा.

कायदाही आता बदललेला आहे, हे लक्षात ठेवावे. १९४८ चा किमान वेतन कायदा ७७ वर्षे चालला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी २०१९ ची वेतन संहिता आली असून, १९६६ चा बिडी कायदाही त्याच दिवशी दुसऱ्या एका संहितेत विलीन झाला. जुन्या कायद्याखाली ठरलेले दर संहितेशी विसंगत नसतील तर नवे दर निघेपर्यंत चालतात. फरक पडला आहे तो असा. पूर्वी अनुसूचीत नाव असलेल्या धंद्यांनाच किमान वेतन लागू होई. आता ती अनुसूची गेली व सर्वच धंदे व व्यवसाय आत आले. पूर्वी दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागे; आता त्यास तीन वर्षांची मुदत आहे. वेतनाची चिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे. जादा तासांस दुप्पट दराने वेतन आहे. दंडाची रक्कम वेतनाच्या शेकडा ३ हून अधिक कापता येत नाही आणि सर्व वजावटी मिळून वेतनाच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वेतन कमी दिल्याचा दावा झाला की पुरते दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. वही लिहिणाऱ्याचे बळ यात आहे.

समजा, एखाद्या कामगारास लागू असलेला दर दरमहा १२,००० रुपये आहे आणि मिळतात ८,५००. तूट ३,५०० ची. चौदा महिने असेच चालले असेल तर मागणे ४९,००० रुपयांचे झाले. या दाव्याचा निर्णय करणारा अधिकारी एवढी रक्कम तर देववितोच, शिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाईही देऊ शकतो. दहा पट ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. तिच्या भरवशावर घराचे बेत करू नयेत. मालकास होणारा दंड निराळा. तो पहिल्या वेळी ५०,००० रुपयांपर्यंत आहे. पाच वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही.

येथे मालकाची बाजू येते. ‘त्याने स्वतःच कबूल केले होते’ आणि ‘एवढे दिले तर धंदाच बुडेल’ ही दोन उत्तरे ठरलेली. पहिल्याचा निवाडा फार पूर्वीच झाला आहे. अजमेर राज्यातील बिजय कापड गिरणीने १९५२ मध्ये ठरलेले ५६ रुपये किमान वेतन परवडत नाही म्हणून गिरणी बंद केली, तेव्हा पोटापाण्यासाठी बहुतेक कामगार ३५ रुपयांवर यावयास तयार झाले. तरीही १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कामगार राजी असला तरी किमान वेतनाखाली करार होऊ शकत नाही. आजच्या संहितेतही हक्क सोडून देणारा करार शून्यवत् मानला आहे. दुसऱ्या उत्तराबद्दल न्यायालयांनी अनेकवार म्हटले आहे की, किमान वेतन देण्याइतकीही ऐपत नसलेल्या धंद्यास चालू राहण्याचा हक्क नाही. लहान दुकानदाराची ओढाताण मी नाकारीत नाही. भाडे वाढते, गिऱ्हाईक मोठ्या दुकानाकडे जाते. पण भाडे कमी द्यावे असे त्याच्या मनात येत नाही, विजेचे देयक अर्धेच भरावे असेही येत नाही. कमी करावयाचे ते नोकराचेच, हे कसे?

आता खरी अडचण. हक्क असला तरी उद्या नोकरी राहील का, ही धास्ती खोटी नाही. सूडबुद्धीने काढून टाकणे ही अनुचित प्रथा ठरते खरी, परंतु तिचा न्याय मिळण्यास वेळ लागतो आणि वाण्याचे उधार तोवर थांबत नाही. म्हणून पावले क्रमाने टाकावीत. कागद जमण्यापूर्वी तोंड उघडू नये. शक्यतो एकट्याने जाऊ नये. एकाच ठिकाणच्या कितीही कामगारांसाठी एकच अर्ज चालतो, आणि चौघांच्या नावे असलेल्या अर्जावर एकट्याला वेचून काढणे मालकास अवघड जाते. कामगार संघाचे सभासदत्व असल्यास संघास दावा करता येतो. निरीक्षकासही करता येतो. प्रथम मालकाला लेखी विनंती द्यावी. तीत रागाचा शब्द नको, गुन्ह्याची भाषा नको. अमुक तारखेपासून अमुक कामावर आहे, लागू असलेला दर इतका, मिळतात इतके, फरक द्यावा व दरमहा वेतनचिठ्ठी द्यावी, एवढे पुरे. तिची प्रत आणि पोहोच ठेवावी. कित्येक मालक येथेच वळतात, कारण आकडा लिहून आला की तो वाद राहत नाही, हिशेब होतो.

न वळल्यास जिल्ह्याच्या श्रम कार्यालयात अर्ज, वहीची व पासबुकाची प्रत आणि मालकास दिलेल्या विनंतीची पोहोच घेऊन जावे. मध्य प्रदेशात १८१ या क्रमांकावर मुख्यमंत्री हेल्पलाइनकडेही तक्रार नोंदविता येते. तिचा क्रमांक टिपून ठेवावा. वकिलाच्या खर्चाची भीती वाटत असेल तर १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना विधि सेवा प्राधिकरणाकडून विनाशुल्क साहाय्य मिळते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. कंत्राटी पहारेकरी ‘माझा मालक कोण, संस्था की इमारत?’ असे विचारतात. कंत्राटदाराने दिले नाही तर जेथे काम केले त्या आस्थापनेच्या मालकाने द्यावे, अशी तरतूद आहे. म्हणून अर्जात दोघांचीही नावे घालावीत. येथे इमारतींच्या सोसायट्यांत राहणाऱ्या वाचकांनीही जरा थांबावे. पहाऱ्यासाठी सर्वांत स्वस्त निविदा मंजूर करताना त्या रकमेत इतक्या माणसांचे किमान वेतन बसते की नाही, याचा भागाकार सभेतच करून पाहता येतो. बसत नसेल, तर उरलेले पैसे कोणाच्या खिशातून येणार, हे उघड आहे.

दावा दाखल झाल्यावर तीन महिन्यांत निर्णय देण्याचा प्रयत्न व्हावा असे संहिता सांगते. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेव्हा मधल्या काळात वहीतील नोंदी थांबवू नयेत. नोकरी सुटली किंवा काढून टाकले तर सर्व थकलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळाले पाहिजे; न मिळाल्यास तीही मागणी दाव्यात जोडावी. निर्णय मान्य नसल्यास नव्वद दिवसांत अपील आहे. निर्णय होऊनही मालकाने रक्कम दिली नाही तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो व जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे ती वसूल केली जाते. कामगार दरम्यान मरण पावल्यास त्याचे पैसे बुडत नाहीत. नामनिर्देशित व्यक्तीस ते मिळतात. यासाठी नामनिर्देशनाचा कागद कामावर लागतानाच भरून घ्यावा आणि त्याचीही एक प्रत त्याच वहीत चिकटवून ठेवावी.